भरतीच्या वेळची रेंज

बागमांडल्याहून वेसवीला जाणारी फेरीबोट सावित्रीच्या खाडीच्या मध्यावर आली, की मोटारीतून उतरून कठड्याशी उभे राहावयाचे, असा आमच्या घरातला कैक वर्षांचा नेम आहे. उजव्या हाताला खाडी समुद्राला मिळते. पलीकडच्या टेकडीवर बाणकोटचा किल्ला, मागे हरिहरेश्वराचा डोंगर, आणि खाली पावसाळ्याच्या अखेरीचे ते गढूळ, तांबूस, घाईत असलेले पाणी. पुण्याहून ताम्हिणीच्या वळणांनी आणि पुढच्या खड्ड्यांनी खिळखिळे झालेले शरीर त्या थोड्या मिनिटांत पुन्हा जागच्या जागी बसते. यंदा गणपतीला निघालो तेव्हाही मी नेमाप्रमाणे कठड्याशी गेलो आणि "अगं, ते बघ..." म्हणत मागे वळलो. बघणारे कोणीच नव्हते. बोटीवरची झाडून सारी मंडळी, आमच्या सौभाग्यवती आणि कन्या धरून, माना खाली घालून उभी होती. वाटेत मुका झालेला प्रत्येकाचा फोन पाण्याच्या मध्यावर एकाएकी बोलू लागला होता. टिणटिण, टणटण, कुठे कोंबडा, कुठे आरती! मला राग आला. पण हे नेमके खाडीच्या मध्यावरच का व्हावे, हा प्रश्न काही सुचला नाही. सुचता तर पुढची एक रात्र वाचली असती.

आमच्या गावाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. मंडणगड तालुक्यातले, खाडीपासून तीनचार किलोमीटर आत, तीन बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला आंब्याफणसांची राई असलेले ते एक खोलगट खेडे आहे, एवढे पुरे. नाव छापले तर पुढल्या वर्षी काकांच्या खळ्यात परक्यांच्या मोटारी लागतील, आणि काकू त्या सर्वांना घावने वाढीत बसतील. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे बंधू. वय एक्क्याऐंशी. पस्तीस वर्षे त्यांनी गावचे पोस्ट सांभाळले, पोस्ट म्हणजे आमच्याच ओटीवरचे एक टेबल आणि एक कुलपाची पेटी. तारखाते जुलै २०१३ मध्ये कायमचे बंद झाले, तेव्हा काकांनी मला पुण्याला एक पोस्टकार्ड टाकले होते. त्यात एवढेच होते, "तार गेली. आता वाईट बातमी कशी कळवणार?"

गणपतीत एरवी दिवा न लागणाऱ्या घरांतून माणसे दिसू लागतात. मुंबईचे, ठाण्याचे, डोंबिवलीचे चाकरमानी पोराबाळांसह येतात. प्रत्येकाच्या हातात फोन, कित्येकांच्या हातात दोन. आणि गावाबाहेरच्या माळावर टॉवर मात्र एकच. चतुर्थीच्या दिवशी दुपारी असे झाले, की फोनवर रेंजच्या साऱ्या काड्या उभ्या दिसत आणि तरी एक साधे छायाचित्र पुण्यास जाईना. सौ. म्हणाल्या, "अहो, टॉवर फुल दाखवतोय आणि नेट नाही, हे कसले?" मला उत्तर देता आले नाही. मी मराठीचा माणूस. शब्दाला अर्थ असतोच असे धरून चालण्याची माझी सवय. फुल म्हणजे फुल!

उत्तर दिले ते माझ्या चुलतभावाच्या मुलाने. हा डोंबिवलीकर संगणकवाला आहे. तो म्हणाला, "काका, काड्या म्हणजे टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती मोठा येतोय एवढंच. तुमचं काम करायला तो मोकळा आहे का, हे काड्या सांगत नाहीत." मला दृष्टान्त पटकन सुचला. पोस्टमनची हाक खणखणीत ऐकू येते, पण त्याच्याभोवती सारा वाडा जमला आहे, तुमचे पत्र पिशवीच्या तळाशी. टॉवरपाशी देण्यासारखे जे काही असते ते तेवढेच असते आणि तेवढ्यातच सर्वांना वाटावे लागते. एरवी पन्नास माणसांना पुरणारे गणपतीत साऱ्या चाकरमान्यांना कसे पुरावे? शिवाय त्या टॉवरलाही पुढे जगाशी जोडणारी वाट हवी. ती कुठे जमिनीतल्या काचेच्या तारेची असते, कुठे टॉवरवर बसवलेल्या ढोलासारख्या तबकडीची. रस्ता रुंद करताना कोणी ती तार तोडली, तर काड्या जशाच्या तशा उभ्या राहतात आणि आत सारे सामसूम. ओटीवर दिवा लागलेला, घरात मात्र कोणी नाही!

हे सारे ज्ञान मी चतुर्थीला मोदकांबरोबर मजेने पचवले. पंचमीला संध्याकाळी ते अंगावर आले.

ऋषीची भाजी खाऊन आम्ही ओटीवर बसलो होतो. कन्येच्या मैत्रिणीचा पुण्याहून फोन आला. आवाज तुटत होता, पण मतलब कळला. कन्येला सागरी जीवशास्त्रात पुढे शिकावयाचे होते. दक्षिणेतल्या एका दूरच्या शहरातल्या संस्थेत तिचे नाव प्रतीक्षायादीत होते, आणि आम्ही ते जवळजवळ विसरलो होतो. मी तर पुरताच. ते नाव आता वर आले होते. उद्या सकाळी दहाच्या आत जागा स्वीकारावयाची, पालकांच्या सहीच्या हमीपत्राचे छायाचित्र पाठवावयाचे आणि पैसे भरावयाचे. न भरल्यास जागा पुढच्या नावाला. मैत्रिणीने तिकडूनच सारे करावे म्हटले, तर माझी सही तिच्यापर्यंत जाणार कशी? ती न्यावयाची तर त्याच नेटवरून! ओळीने वही रेघून घेऊन हमीपत्र कन्येने स्वतःच्या हाताने लिहिले. मजकूर मैत्रिणीने फोनवर शब्दशः सांगितला, त्यालाही चार फोन लागले. समईच्या उजेडात मी सही केली. आपल्याच मुलीला दूर जाण्याची परवानगी देणारी ती सही माझ्या नेहमीच्या सहीसारखी आली नाही, हे मी कोणाला सांगितले नाही.

मग सुरू झाले उपाय. पुतण्या वैद्य, आम्ही सारे शुश्रूषा करणारे. पहिला उपाय विमानाच्या खुणेचा. ती खूण दाबली, की फोन साऱ्या जगाशी बोलणे सोडतो, अर्धा मिनिट थांबून काढली, की नव्याने टॉवरकडे नाव नोंदवतो. रुसलेल्या माणसाला बाहेर पाठवून पुन्हा आत बोलावण्यासारखे हे आहे, आणि पुष्कळदा तेवढ्यानेही भागते. आमचे भागले नाही. दुसरा उपाय, फाइव्ह-जी बंद करून फोनला फोर-जीवरच बांधून ठेवणे. आपल्या देशात फाइव्ह-जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाले, पण डोंगरातल्या गावी त्याचा एखादा कवडसाच पोचतो, आणि नवा फोन त्या कवडशामागे धावत राहतो. धड तेही नाही, धड हेही नाही, आणि बॅटरी मात्र उतरत जाते. बांधून ठेवल्यावर फोन जरा शांत झाला. तिसरा उपाय माझ्यासाठी होता. माझ्या फोनात दोन सिमे आहेत, आणि डेटा ज्या सिमावर लावला होता त्याचा रिचार्ज संपून चार दिवस झाले होते! यावर सौ. जे बोलल्या ते येथे देत नाही. चौथा, एपीएन नावाची एक चिठ्ठी फोनात असते. कंपनीच्या कोणत्या दाराने आत जावयाचे ते तीवर लिहिलेले असते, आणि सिम बदलले की कधीकधी चुकीची चिठ्ठी मागे राहते. काकूंच्या फोनात ती तशी राहिलेली सापडली. काकूंचे नेट गेल्या शिमग्यापासून का चालत नव्हते त्याचा उलगडा झाला. आमचे काम मात्र तेथेच.

पुतण्याने फोनाच्या सेटिंगमध्ये, सिमच्या माहितीत, रेंजचा खरा आकडा दाखवला. काड्या फसवतात, आकडा फसवीत नाही. हा आकडा उणे असतो, आणि उणेपण जितके कमी तितके बरे. उणे ऐंशीच्या आसपास असेल तर उत्तम, उणे शंभर बेताचे, उणे एकशेवीस म्हणजे आचके. त्यात दहाचा फरक म्हणजे दसपट. माजघरात उणे एकशेसतरा होते, खळ्यात उणे एकशेचार. मागच्या परड्यात जांभ्या दगडाचा गडगा आहे. त्यावर उभे राहून, राईच्या टोकाकडे हात उंच केला की उणे शहाण्णव. जाड चिऱ्यांच्या भिंती आणि ओली पाने, दोन्ही रेंज खातात. आणि आमच्या घराला भाद्रपदात या दोन्हीशिवाय दुसरे काय असते?

तर रात्री अकराला मी, सौ., कन्या आणि पुतण्या अशी चौघे गडग्यावर ओळीने उभी होतो. वरून रिमझिम. वाडीतले कोणी पाहते तर यांच्या अंगात आले असेच समजते. संस्थेचे पान उघडले! कन्येने नाव घातले, जागा स्वीकारली. छायाचित्र पाठवावयाचे बटण दाबले. गोल फिरू लागले, फिरले, फिरले आणि तांबडे होऊन थांबले. पुन्हा. पुन्हा. पुतण्या म्हणाला, "येतंय, पण जात नाहीये." टॉवर कित्येक वॅटच्या ताकदीने बोलतो, आपल्या हातातल्या फोनची ताकद पाव वॅटसुद्धा नाही. त्याचे आपल्याला ऐकू येते, आपले त्याला पोचत नाही. म्हणून वाचणे जमते त्या जागीही पाठवणे अडते. छायाचित्र सहा एमबीचे होते, ते कमी करून दोनशे केबीचे केले. (हे प्रत्येक पालकाने शिकून ठेवावे. हमीपत्रातली अक्षरे त्याने जराही पुसट होत नाहीत.) आता गोल अर्ध्यावर जाऊ लागले. आणि पैशांच्या पानाची तर वेगळीच तऱ्हा. सहा आकड्यांचा ओटीपी टुणकन येई, कारण लहानसा निरोप अरुंद वाटेनेही निसटतो, पण तो लिहावयाचे पान मात्र उघडायच्या आत ओटीपीची मुदत संपे. असे तीनदा झाले.

साडेबाराला वीज गेली. थोड्या वेळाने माळाकडून टॉवरवर राखणीला असणारा पोरगा विजेरी घेऊन आला. आमचा दिवा पाहून थांबला. "काका, बॅटरी दोनतीन तास काडंल. डिझेल उद्या येतंय म्हनतात. मी तरी काय करू वो?" त्याचे खरे होते. टॉवरलाही पोट असते, हे शहरात आपल्या ध्यानात येत नाही. दोन वाजता उरलेली काडीही गेली आणि फोनच्या कपाळावर फुलीची खूण आली.

आता जे लिहितो ते लिहावे की न लिहावे याचा मी पुष्कळ विचार केला. त्या काळोखात, गडग्यावर, माझ्या मनात येऊन गेले की झाले, सुटलो. आपण तर सारे उपाय केले. जागा गेली तर ती डोंगराने नेली, टॉवरने नेली. मुलगी पुण्यातच राहील, संध्याकाळी सातला घरी येईल. क्षणभरच आले. पण कन्या माझ्याकडे पाहत होती आणि तिने विचारले, "बाबा, तुम्ही दमलात का?" मी म्हटले, "नाही." सकाळी सहाला मोटार काढून मंडणगड गाठावे असे ठरवून आम्ही आत आलो.

काका जागेच होते. पडवीत खुर्चीवर बसून त्यांनी सारे ऐकले होते. त्यांनी फडताळातून एक लांबट वही काढली, पोस्टातल्या रजिस्टरासारखी, हाताने रकाने आखलेली. तारीख, तिथी, वेळ, स्थळ, हवामान, आणि शेवटचा रकाना 'काय गेले'. मी विचारले, "काका, हे काय?" ते म्हणाले, "वादळानंतरची सवय."

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्यात आमच्या बाजूचे माड, पोफळी, पत्रे, कौले, विजेचे खांब, सारे भुईसपाट झाले. फोन तर गेलाच. पुण्यात आम्ही दिवसच्या दिवस फोन लावीत होतो आणि पलीकडून बाई एकच वाक्य सांगत होती. मग एका पहाटे काकांचा फोन आला. "आम्ही आहोत. बागेचं काही विचारू नकोस." एवढे झाले आणि तुटला. तो फोन काकांनी कोठून केला हे मी पाच वर्षांत कधी विचारले नव्हते. वहीच्या पहिल्या पानावर पहिली ओळ तीच होती. स्थळाच्या रकान्यात 'जेट्टी, उतरणीची शेवटची पायरी'. शेवटच्या रकान्यात 'पुण्यास खुशाली'. त्यानंतर पाने भरली होती. सड्यावरचा मोठा कातळ, शाळेमागची विहीर, देवळाची दीपमाळ. कोठे निरोप जातो, कोठे बोलणे होते, कोठे पैसे जातात. शेजारपाजारची मंडळी काकांना विचारून जात, पूर्वी टपाल कधी निघेल ते विचारीत तशीच.

"उद्या षष्ठी," काका बोटे मोजीत म्हणाले, "सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला भरती पुरी. तेव्हा जेट्टीवर जा."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा मला ठाऊक होता. पण भरतीचा आणि रेंजचा संबंध काय? काका म्हणाले, "का ते मला विचारू नको. वहीत आहे ते सांगतो." पुतण्या हसला. सौ. हसल्या नाहीत. त्या उठून चहा टाकावयास गेल्या.

चार वाजता निघालो. काकाही आलेच, कोणाचे ऐकतात! जेट्टीवर चिटपाखरू नव्हते. फेरीबोट काठाला बांधलेली, पाणी पायऱ्या चढून वर आलेले, आणि पलीकडे रायगडच्या तीरावर थोडे दिवे. तिकडची वीज शाबूत होती. मी फोन वर धरला. फुली जाऊन काड्या आल्या. पुतण्याने आकडा पाहिला आणि गप्प होऊन फोन माझ्यापुढे धरला. उणे चौऱ्याऐंशी. आमच्या माजघराच्या दोन हजारपट! मध्ये डोंगर नाही, झाड नाही, भिंत नाही, नुसते सपाट पाणी. पलीकडच्या तीरावरचा टॉवर सरळ आमच्याकडे पाहत होता. बोटीवर सारे फोन का वाजले होते ते मला आत्ता कळले.

पुण्यास परतल्यावर आमच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना मी भरतीबद्दल विचारले. टवाळी होईल अशी अपेक्षा होती. ते म्हणाले, पाण्यावरून येणारी लहर दोन वाटांनी येते, एक सरळ आणि एक पाण्यावर आपटून. दोघींची गाठ पडते तेव्हा त्या कधी एकमेकींना उचलून धरतात, कधी पुसून टाकतात, आणि पाण्याची पातळी बदलली की हे गणितही बदलते. म्हणजे काकांच्या वहीत तथ्य असू शकते. माझे स्वतःचे मत असे, की पहाटे साडेचारला दोन्ही तीरांवरचे चाकरमानी झोपलेले होते, याचा वाटा भरतीपेक्षा मोठा असावा. काकांना हे मत मी कळवले आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.

छायाचित्र एका दमात गेले. गोल पुरे झाले आणि हिरवे झाले. मग पैसे. ओटीपी आला, पान उघडलेलेच होते, कन्येने सहा आकडे घातले. पडद्यावर आले, थांबा, मागे जाऊ नका. आम्ही थांबलो. कोणी बोलत नव्हते. पाणी पायरीला लागून चुबुक चुबुक करीत होते. आधी बँकेचा निरोप आला, पैसे गेल्याचा. पान तसेच. पुतण्या दबक्या आवाजात म्हणाला, "हात लावू नका, पैसे गेलेत, पान येईल." आणि ते आले. चार वाजून सदतीस मिनिटे झाली होती.

कन्या ओरडली नाही, नाचली नाही. ती ओल्या पायरीवर बसली, आणि सौ. तिच्या शेजारी बसल्या. मी पलीकडच्या दिव्यांकडे पाहत राहिलो. पाऊस थांबला होता.

घरी आल्याबरोबर काकांनी चष्मा लावला, वही उघडली आणि ओळ भरावयास घेतली. तारीख, षष्ठी, ४.३७, जेट्टी, रिमझिम नंतर उघडीप. शेवटच्या रकान्यापाशी त्यांची लेखणी जरा थांबली. मग त्यांनी सावकाश लिहिले, 'नात.' आणि त्यापुढे, पोस्टातल्या जुन्या सवयीने, 'पोच मिळाली.'